दोनशे त्रेचाळीस की तीनशे आठ

पद्माकर घारपुरेने आयुष्यात एकूण पाच गोळ्या झाडल्या होत्या. त्या पाचही पुण्याला कॉलेजात असताना, एनसीसीच्या कँपमध्ये, मातीत पालथं पडून. त्यांतली एक बरोबर मधोमध लागली, पण ती शेजारच्या मुलाच्या लक्ष्याला. हवालदाराने त्या मुलाला शाबासकी दिली आणि पद्माकरला पुढच्या वर्षी बँडमध्ये घातलं. एवढ्या भांडवलावर माणसाने एकोणपन्नासाव्या वर्षी हरणाच्या शिकारीच्या वाटेला जाऊ नये. पद्माकर गेला, त्याला कारण झाली कन्सल्टंटची जागा.

रीडिंगच्या एका हॉस्पिटलात तो भूल द्यायचा. इंग्लंडात येऊन बावीस वर्षं झाली होती, त्यातली शेवटची अकरा असोसिएट स्पेशालिस्ट म्हणून. या हुद्द्याचा अर्थ असा, की काम कन्सल्टंटचं करायचं आणि दारावरची पाटी दुसऱ्याची वाचायची. पेशंटच्या घशात नळी कशी घालावी हे त्याने ज्यांना हाताला धरून शिकवलं त्यातले तिघं आता कन्सल्टंट होते आणि अडचण आली की अजूनही त्यालाच फोन करत होते. त्र्याण्णव सालच्या वसंतात भूल विभागातल्या एका वृद्ध कन्सल्टंटने डिसेंबरात निवृत्त होणार असल्याचं जाहीर केलं. मुलाखती नोव्हेंबरात. त्यानंतरची जागा रिकामी व्हायला आणखी आठ-दहा वर्षं, म्हणजे पद्माकरची स्वतःचीच निवृत्ती. आत्ता नाही तर कधीच नाही, हे त्याने घरी बोलून दाखवलं नाही. पण तो रोज स्वतःचे बूट स्वतः पॉलिश करायला लागला, त्यावरून बायकोने, सुमनने, काय ते ओळखलं.

निवड समितीवर हॉस्पिटलातले दोन सर्जन बसणार होते. एक मिस्टर पेंडलटन, हे पोटाचे. दुसरे मिस्टर क्रॅडक, हे हाडांचे. (इथे सर्जनला डॉक्टर म्हटलं तर त्याला ती शिवी वाटते, म्हणून मिस्टर.) या दोघांचं ऑपरेशन थिएटर किती गार असावं इथपासून युरोपपर्यंत एकाही बाबतीत एकमत नव्हतं. एक गोष्ट मात्र दोघांत सारखी होती. दोघेही सुट्टीत हरणं मारायला जायचे.

एप्रिलमधल्या एका दुपारी कॉफीरूममध्ये दोघांची नेहमीची जुंपली होती. पद्माकर कोपऱ्यात बिस्किट बुडवत बसला होता. पेंडलटनने सहज त्याच्याकडे वळून विचारलं, की पॅडी, तू कधी बंदूक चालवली आहेस का. (पद्माकर हे नाव त्या इमारतीत बावीस वर्षांत कोणी पुरतं उच्चारलं नव्हतं.) पद्माकर म्हणाला, हो, कॉलेजात असताना. हे खोटं नव्हतं. बँडची हकीगत त्याने सांगितली नाही. लगेच क्रॅडकने विचारलं, मग हरणासाठी तू काय घेशील, टू-फोर-थ्री की थ्री-ओ-एट?

हे आकडे कशाचे, पद्माकरला ठाऊक नव्हतं. पण परीक्षेत न येणाऱ्या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं हे प्रत्येक डॉक्टरला येतं. पेशंटची गरज बघून औषध ठरवावं त्या सुरात तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "इट डिपेंड्स ऑन द इंडिकेशन."

पेंडलटन म्हणाले, एक्झॅक्टली. क्रॅडकही म्हणाले, एक्झॅक्टली. एका वाक्यावर त्या दोघांचं एकमत झाल्याची ही पहिलीच वेळ असं थिएटरच्या सिस्टरने नंतर सगळ्यांना सांगितलं. त्या दिवसापासून पद्माकर हा शिकारीतला जाणकार ठरला.

त्याने घरी येऊन नॉटिंगहॅमला शशिधरला फोन लावला. शशिधर त्याचा पुण्याच्या कॉलेजातला दोस्त, आणि कन्सल्टंट होऊन सहा वर्षं झालेला. त्याचा एक सिद्धांत होता. "पद्या, जागा डिग्रीवर मिळत नाही, छंदावर मिळते," तो म्हणाला. "कमिटीला बघायचं असतं, की हा माणूस पुढची वीस वर्षं आपल्याबरोबर कॉफी प्यायला चालेल का. मी चर्चची घंटा वाजवायला शिकलो. दर गुरुवारी दोर ओढतो. खांदे गेले, पण जागा मिळाली. तुझ्याकडे हरीण चालून आलंय, सोडू नकोस."

आता हे आकडे काय प्रकरण आहे ते सांगून टाकलेलं बरं, कारण पद्माकरला ते समजायला तीन आठवडे आणि पब्लिक लायब्ररीतली चार पुस्तकं लागली. सुमन त्याच लायब्ररीत कामाला होती आणि तिने त्या पुस्तकांवर तारखेचा शिक्का मारताना नवऱ्याकडे वर बघितलंही नाही. ही रायफलच्या काडतुसांची मापं. गोळीची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात. दोनशे त्रेचाळीसची गोळी बारीक, हलकी, सरळसोट जाणारी. खांद्याला धक्का थोडका. तीनशे आठची गोळी जाड आणि जड. खांदा सुजतो, पण समोरचं जनावर बसतं. पेंडलटन न्यूबरीजवळच्या एका रानात शेळीएवढी हरणं मारायचे, त्यामुळे ते दोनशे त्रेचाळीसचे. क्रॅडक स्कॉटलंडच्या डोंगरात गोऱ्ह्याएवढी हरणं मारायचे, ते तीनशे आठचे. पेंडलटनच्या मते तीनशे आठ हे ज्यांना नेम धरता येत नाही त्यांच्यासाठी होतं. क्रॅडकच्या मते दोनशे त्रेचाळीस हे मुलींच्या शाळेत वाटायला ठीक होतं.

दोघांनीही पद्माकरला आपापल्या रानात यायचं आमंत्रण दिलं. दोघांनीही लेखी परवानगीची पत्रं दिली. आणि दोघांनीही, हातात घेऊन अंदाज यावा म्हणून, आपापल्या काडतुसाची एकेक रिकामी पितळी पुंगळी त्याला भेट दिली. पद्माकरने दोनशे त्रेचाळीस जाकिटाच्या डाव्या खिशात ठेवली आणि तीनशे आठ उजव्या. कॉरिडॉरमध्ये पेंडलटन दिसले की डावीकडची काढून बोटांत फिरवायची, क्रॅडक दिसले की उजवीकडची. ही व्यवस्था जूनपर्यंत उत्तम चालली. दोघांनाही वाटत होतं की गडी आपल्या बाजूला झुकतो आहे.

एकदा तेवढा घोटाळा झाला. एका पेशंटला झोपवण्याआधी त्याच्यावर वाकून नाव-गाव विचारत असताना खिशातून तीनशे आठ निसटली आणि त्याच्या छातीवर पडली. पेशंट रेल्वेतला गार्ड होता. त्याने ती उचलून नीट पाहिली आणि विचारलं, डॉक्टर, इंजेक्शन लागू पडलं नाही तर हे का? त्याला झोपवायला नेहमीपेक्षा जास्त औषध लागलं.

नुसतं झुकून भागणार नव्हतं. रायफल घ्यायची तर पोलिसांचा परवाना लागतो आणि परवान्यासाठी फॉर्म लागतो. दोन्ही सर्जन रोज फॉर्मचं काय झालं विचारायला लागले तेव्हा पद्माकरने तो आणला. त्यात सातव्या नंबरचा एक चौकोन होता: कॅलिबर. बाकी सगळा फॉर्म त्याने एका संध्याकाळी सुवाच्य अक्षरात भरला. सातव्या चौकोनापाशी त्याचं पेन थांबलं ते थांबलंच. दोनशे त्रेचाळीस लिहिलं तर क्रॅडकचं मत गेलं, तीनशे आठ लिहिलं तर पेंडलटनचं. अकरा वर्षं ज्या दाराकडे तो बघत होता त्या दाराची वाट आता पाऊण इंचाच्या एका चौकोनातून जात होती.

अशा वेळी मराठी माणूस चार जणांना विचारतो. मेडनहेडचा नंदू, हा सॉफ्टवेअरवाला, पद्माकरपेक्षा दहा वर्षांनी लहान आणि सगळ्या विषयांतला. त्याने पंधरा मिनिटांत कॉम्प्युटरवर स्प्रेडशीट केली. वजन, वेग, धक्का, किंमत, वाऱ्याचा परिणाम, अशा सात कसोट्या लावल्या. निकाल दोन्हीकडे एकसष्ट. "पद्माकरराव, इट्स अ टाय," तो म्हणाला. "आठवी कसोटी लावू या, रीसेल व्हॅल्यू." ती लावल्यावर दोन्हीकडे अडुसष्ट झाले.

मंजिरी, त्यांची सतरा वर्षांची मुलगी, गेली दोन वर्षं कडक शाकाहारी होती. मुलगी आपल्या वळणावर गेली म्हणून सुमन सुरुवातीला खूश झाली होती. पण पोरीचं कारण धर्माचं नसून कोंबड्यांचं आहे हे कळल्यावर तिचा जरा हिरमोड झाला. मंजिरीने फॉर्म टेबलावर पाहिला आणि म्हणाली, "बाबा, दॅट्स डिस्गस्टिंग. तो हरिण तुला काय केली?" पद्माकरने तिला निवड समितीची रचना समजावून सांगायचा प्रयत्न केला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "सो हरिण कमिटीवर आहे?" तो फॉर्म घेऊन वरच्या खोलीत गेला.

खरं तर सुमनने त्याला पहिल्याच आठवड्यात एक प्रश्न विचारला होता. "अहो, पण तुम्हाला मारायचंय का हरीण?" तो म्हणाला होता, प्रश्न तो नाहीच आहे. ती म्हणाली, बरं. आणि कणीक मळायला लागली.

फॉर्मला दुसरा एक अडथळा होता. ज्याने अर्जदाराला किमान दोन वर्षं ओळखलं आहे अशा एका प्रतिष्ठित माणसाची सही हवी होती. पद्माकरने स्वतः आख्ख्या महाराष्ट्र मंडळाच्या पासपोर्ट फोटोंवर सह्या केल्या होत्या, पण स्वतःला प्रतिष्ठित ठरवण्याची सोय कायद्यात नाही. पेंडलटनची सही घेतली तर क्रॅडक रुसणार, क्रॅडकची घेतली तर पेंडलटन. शेवटी तो कोपऱ्यावरच्या चर्चच्या पाद्रीबुवांकडे गेला. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हर्नियाच्या वेळी पद्माकरनेच भूल दिली होती. पाद्रीबुवांनी आनंदाने सही केली आणि ओळखीचं स्वरूप या रकान्यात प्रामाणिकपणे लिहिलं, की ओळख तीन वर्षांची आहे, मात्र त्यातला महत्त्वाचा भाग मी झोपेत होतो.

सातवा चौकोन कोरा ठेवून त्याने फॉर्म पाठवून दिला. कोऱ्या चौकोनामुळे ते लोक चार-पाच महिने तरी घालवतील आणि तोवर मुलाखत होऊन जाईल, असा त्याचा हिशेब होता. चौथ्या दिवशी फोन आला. कॉन्स्टेबल व्हिटलॉक नावाचे एक मवाळ गृहस्थ बोलत होते. सर, सात नंबर रिकामा राहिलाय. पद्माकर म्हणाला, विचार चालू आहे. व्हिटलॉक म्हणाले, जरूर करा, तोवर मी तुमचं कपाट बघून जातो.

रायफल ठेवायला पोलादी कपाट लागतं, ते पक्क्या विटांच्या भिंतीला बोल्टने जखडावं लागतं, आणि आल्यागेल्याला दिसता कामा नये, हे पद्माकरला तेव्हा कळलं. त्याच्या घरात अशी एकच जागा होती. जिन्याखालची खोली. तिथे सुमनचं देवघर होतं.

या वाटाघाटी चार दिवस चालल्या. सुमनचं म्हणणं, देव इथून हलणार नाहीत. पद्माकरचं म्हणणं, देवांनी हलावं असं कोण म्हणतंय, थोडं सरकावं. अखेर देव डाव्या भिंतीला, कपाट उजव्या, आणि बंदुकीचं तेल समईच्या तेलापासून चार हात लांब, अशा अटींवर तह झाला. कपाट बसवायला नंदू ड्रिल घेऊन आला. चार इंचांचे बोल्ट पुरले असते, पण नंदूचा स्वभाव खात्रीचा. त्याने बाराचे आणले. घर सेमी-डिटॅच्ड, म्हणजे उजवी भिंत शेजारच्या टिली कुटुंबाशी समाईक. चौथा बोल्ट आत गेला तेव्हा पलीकडून मिसेस टिलींचा आवाज आला, की सगळं ठीक आहे ना? तो बोल्ट त्यांच्या पँट्रीत मुरंब्याच्या बरण्यांच्या वर तीन इंच बाहेर आला होता. पद्माकर माफी मागायला गेला, तेव्हा त्यांनी त्याला चहा दिला, बोल्टला ॲप्रन अडकवून पाहिला आणि अशाच एका खुंटीची गरज होती म्हणाल्या. पद्माकर म्हणतो, बावीस वर्षांत इंग्रजांचा खरा धाक त्याला त्या दिवशी वाटला.

व्हिटलॉक आले ते दारातच बूट काढून, कारण सुमनने तसं सांगितलं. मोज्यांवर जिन्याखाली वाकून त्यांनी देवांकडे बघून मान तुकवली, मग कपाट हलवून पाहिलं. ते तसूभरही हललं नाही. टिलींच्या पँट्रीत मात्र काहीतरी खणखणलं. व्हिटलॉक समाधानी झाले. मग त्यांनी महत्त्वाचा नियम सांगितला. किल्ली कुठे असते ते परवानाधारकाशिवाय कोणालाही, अगदी पत्नीलाही, माहीत असता कामा नये. पद्माकर छाती पुढे काढून म्हणाला, अर्थातच, ती फक्त मलाच ठाऊक आहे. तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुमन म्हणाली, "अहो, चहाच्या डब्यामागे आहे ती. त्यांना हवीय का?"

व्हिटलॉकना मराठी येत नव्हतं. पण सुमन बोलता बोलता किल्ली घेऊनच बाहेर आली. त्यांनी वही मिटली, बाहेर हवा छान पडलीय म्हणाले, आणि सात नंबरची आठवण करून देऊन गेले.

ऑक्टोबर उजाडला. मुलाखत महिन्यावर आली. कॉफीरूममध्ये आता दोघेही उघड विचारत होते. पेंडलटनने एकदा त्याला लिफ्टमध्ये गाठून सांगितलं, की ते मोठं काडतूस घेणारा माणूस त्यांना मुळातच घाईचा वाटतो, आणि भूल देणारा घाईचा असू नये. दोन तासांनी क्रॅडकनी एक्स-रे बघता बघता सांगितलं, की लहान काडतूस घेणाऱ्याला जबाबदारी नको असते. पद्माकरची झोप उडाली. दुसऱ्यांना झोपवून उपजीविका करणाऱ्या माणसाला हे फार लागतं.

तोड सुमनने काढली. त्या वर्षी दसरा नेमका रविवारी आला होता. दोघांनाही एकाच वेळी जेवायला बोलवा, ती म्हणाली; एकाला आधी आणि दुसऱ्याला नंतर, असं व्हायला नको. एकजण विधुर, दुसऱ्याची बायको बहिणीकडे गेलेली. दोघेही यायला एका पायावर तयार झाले. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात. आपट्याची पानं रीडिंगमध्ये मिळत नाहीत, म्हणून गेली अनेक वर्षं टिलींच्या कुंपणाची पानं वाटली जात होती.

दसऱ्याच्या सकाळी पद्माकर कॉलवर होता. त्याने कोट घातला आणि जाकीट खुंटीवर राहिलं. सुमनने शस्त्रपूजा मांडायला घेतली. ज्याची त्याची हत्यारं त्या दिवशी पाटावर मांडायची: मंजिरीचा कॅलक्युलेटर, तिचा स्वतःचा तारखेचा शिक्का, नवऱ्याचा जुना स्टेथोस्कोप आणि घशात नळी घालताना लागणारा लॅरिंगोस्कोप. खरं शस्त्र म्हणून वीस वर्षं तिने विळीलाच हळदकुंकू वाहिलं होतं. यंदा तिला आठवलं, की घरात शस्त्राच्या जवळपास जाणारं काहीतरी आहे. तिने जाकिटाच्या दोन्ही खिशांत हात घातला.

पद्माकर साडेबाराला घरी पोचला आणि जाकीट अंगावर चढवतो तोच बेल वाजली. इंग्रज माणूस वेळेवर येतो, आणि हे दोघं तर एकमेकांच्या आधी पोचायच्या ईर्ष्येने एकाच मिनिटाला आले होते. पेंडलटनशी हस्तांदोलन करता करता पद्माकरचा डावा हात सवयीने खिशात गेला. खिसा रिकामा. क्रॅडककडे वळताना उजवा तपासला. तोही रिकामा. तेवढ्यात उदबत्तीचा वास कसला, असं क्रॅडकनी विचारलं आणि मंजिरी, जी एरवी पाहुण्यांसमोर तोंड उघडत नसे, उत्साहाने म्हणाली, की आज आम्ही आमची हत्यारं पूजतो, या ना, दाखवते.

जिन्याखाली तीन माणसं मावतात. त्या दिवशी पाच मावली. पोलादी कपाटाला झेंडूची माळ होती. त्याच्यासमोर पाटावर सगळी हत्यारं ओळीने, आणि मधोमध त्या दोन पुंगळ्या, चिंचेने घासून लखलखीत केलेल्या, शेजारी शेजारी उभ्या, दोघींना हळदकुंकवाचं एकेक बोट आणि चार अक्षता.

"ती माझी," पेंडलटन म्हणाले.

"आणि ती माझी," क्रॅडक म्हणाले.

मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि नंतर पद्माकरकडे. सहा महिने डाव्या-उजव्या खिशाचा जो खेळ चालला होता तो त्या दोघांनाही एका नजरेत समजला. पोटं उघडून बघण्यात ज्यांचा जन्म गेला त्यांना काय अवघड. पद्माकरला वाटलं, भिंतीत शिरावं आणि त्या चौथ्या बोल्टसारखं टिलींच्या पँट्रीत निघावं. मुलाखत नऊ दिवसांवर होती, आणि ती इथेच, जिन्याखाली, मोज्यांवर संपली होती.

बोलली ती सुमन. या दोन्ही एकच आहेत ना, असं तिने विचारलं. घासताना तिच्या लक्षात आलं होतं. बूड सारखं, अंग सारखं; एकीची फक्त मान जास्त आवळली आहे.

पेंडलटन खाकरले. क्रॅडक म्हणाले, वेल, तांत्रिकदृष्ट्या, दोनशे त्रेचाळीस ही तीनशे आठचीच मान बारीक करून बनवलेली आहे. पेंडलटन म्हणाले, सुधारून बनवलेली आहे. पंधरा वर्षं ते भांडत होते, पण दोन्ही पुंगळ्या शेजारी ठेवून बघण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती.

"मग, पॅडी?" क्रॅडक म्हणाले. "यातली कुठली?"

पद्माकरने पाटाकडे पाहिलं. पुंगळ्यांच्या शेजारी त्याचा लॅरिंगोस्कोप होता, मुठीवरचा मुलामा उडालेला, कुंकू लावलेला. जिन्याखालच्या त्या अंधारात त्याला एकाएकी स्वतःची फार लाज वाटली, आणि लाजेबरोबर थोडा रागही आला. राग सर्जनांचा नव्हता.

"कुठलीच नाही," तो म्हणाला. "मी एकोणीस हजार माणसांना झोपवलं आहे. झोपवणं सोपं असतं. माझं सगळं कसब त्यांना परत उठवण्यात गेलं. दोघं उठले नाहीत, त्यांची नावं मला अजून पाठ आहेत. मला तिसरं नाव नकोय, मग ते हरणाचं का असेना. मला फक्त ती जागा हवी होती."

हे सगळं तो इंग्रजीत म्हणाला, आणि मंजिरी सांगते की त्या भाषेत बाबा इतकं सलग बोललेला तिने पहिल्यांदाच ऐकला. सुमनने पदराने डोळे टिपले आणि उदबत्तीचा धूर गेला म्हणाली.

पेंडलटन क्रॅडककडे वळून म्हणाले, "थँक गॉड. मला खरंच काळजी लागली होती. जिवंत प्राणी कायमचा झोपवण्यात ज्याला गोडी आहे असा भूलवाला आपल्या पेशंटच्या डोक्याशी कोणाला हवाय?"

"मी हेच मे महिन्यात म्हणालो होतो," क्रॅडक म्हणाले.

"तुम्ही म्हणाला नव्हतात."

जेवणं होईपर्यंत ते मे महिन्यात कोण काय म्हणालं यावरच भांडत होते. त्या भरात क्रॅडकनी अकरा पुऱ्या खाल्ल्या. निघताना सुमनने दोघांच्या हातात टिलींच्या कुंपणाची पानं ठेवली आणि हे सोनं आहे असं सांगितलं. पेंडलटननी ते पान पाकिटात नीट घडी करून ठेवलं. शेजारच्या बाई खिडकीतून आपल्या कुंपणाकडे बघत होत्या.

मुलाखत पंचवीस मिनिटं चालली. पोटाबद्दल एक प्रश्न आला, म्हाताऱ्यांच्या मोडलेल्या खुब्यांबद्दल दोन. शेवटी समितीच्या अध्यक्षीणबाईंनी विचारलं, की डॉक्टर, फावल्या वेळात आपण काय करता? पद्माकर खरं तेच सांगायचं ठरवून आला होता. "फॉर्म भरतो," तो म्हणाला. टेबलाच्या दोन टोकांना दोन मिस्टर एकाच वेळी खोकले.

जागा मिळाली. जानेवारीत दारावर पाटी लागली तेव्हा तो तिच्यासमोर इतका वेळ उभा राहिला, की झाडूवाल्या बाईने त्याला विचारलं, वाट चुकलात का लव्ह? तो नाही म्हणाला आणि आत जाऊन खुर्चीत बसला. मग पहिला फोन त्याने घरी सुमनला लावला, आणि आज भाजी काय आहे असं विचारलं.

राहता राहिला तो परवाना. अर्ज मागे घेत असल्याचं पत्र पद्माकरने कधीच धाडलं होतं. फेब्रुवारीत परवाना कचेरीकडून जाडजूड लिफाफा आला. त्यात खेदपूर्वक कळवलं होतं, की अपूर्ण अर्ज मागे घेता येत नाही. मागे घेण्यासाठी तो आधी पूर्ण असला पाहिजे. तरी सोबतचा फॉर्म भरून सात नंबरच्या चौकोनात कॅलिबर नमूद करावा, म्हणजे अर्ज ग्राह्य धरून तत्काळ रद्द करता येईल. खाली व्हिटलॉकनी हाताने लिहिलं होतं, सॉरी सर, मिसेस घारपुरेंना नमस्कार.

पद्माकर फॉर्म घेऊन टेबलाशी बसला. त्याने नंदूला फोन केला नाही, शशिधरला केला नाही, आणि कॉफीरूममध्ये तर अवाक्षर काढलं नाही. पेन उघडलं आणि कोणालाही न विचारता सातव्या चौकोनात एक आकडा लिहिला, सही केली, लिफाफा चिकटवला आणि स्वतः जाऊन पोस्टात टाकला.

कोणता आकडा, ते त्याने आजवर कोणाला सांगितलेलं नाही. पेंडलटनची खात्री आहे की दोनशे त्रेचाळीस. क्रॅडक तीनशे आठवर पैज लावायला तयार आहेत. त्या विषयावर ते अजून भांडतात, आणि पद्माकर शेजारी आपल्या खुर्चीत बसून बिस्किट बुडवत असतो. पोलादी कपाटात आता चांदीची ताटं आणि चकलीचा सोऱ्या असतो.

सुमनला मात्र माहीत आहे. फॉर्मची नक्कल चहाच्या डब्यामागे आहे.